चुगलखोर कागद

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. चौथीला बाई म्हणायच्या, "शोभा, तुझ्या वेलांट्या कोंबड्यांसारख्या कुठंही बसतात." पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती, म्हणून त्या वेलांट्या तशाच राहिल्या. ही वही कोणाला दाखवायची नाही असं ठरवून लिहितेय. तरी कोणाच्या हाती लागलीच, तर चुका मनातल्या मनात सुधारून घ्याव्यात. मला येऊन सांगू नये. मला लाज वाटते.

मी जळकोटला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करते. बारा वर्षं झाली. दुकान शरणप्पामामांचं. ते नात्याने कोणाचेच मामा नाहीत, पण सगळं गाव मामा म्हणतं. मी आधी शेजारच्या बांगडीवाल्याकडे काळ्या मण्यांच्या पोती ओवून द्यायची. मामांना चाळिशी लागली आणि फोनचे स्क्रू दिसेनासे झाले. एकदा खाली पडलेला स्क्रू शोधायला त्यांनी मला हाक मारली. मी तो बोट ओलं करून उचलला आणि जागेवर बसवला. मामांनी विचारलं, "बाई, पोत ओवून किती मिळतात?" तिथून हे सुरू झालं.

मी एकच अट घातली. पडदा पाहिजे. गिऱ्हाईक समोर असलं की माझे हात थरथरतात आणि थरथरत्या हाताने फोन उघडत नाही. मामींच्या जुन्या साडीचा पडदा लागला. पुढे मामा, मागे मी. आत कोण आहे असं कोणी विचारलं की मामा म्हणायचे, "इंजिनियर हायेत." मी एकदा रागावले. मामा म्हणाले, "बाप्या हाय का बाई हाय, ते मी कुठं सांगितलं?" लोक इंजिनियर साहेबांना चहा पाठवायचे. एकाने खूश होऊन जर्द्याचं पान पाठवलं, ते मामांनी खाल्लं.

पडद्यामुळे मला बोलता येत नव्हतं, म्हणून आमची एक खूण ठरली होती. मी टेबलावर स्क्रू काढायचा पेचकस दोनदा वाजवला की काम होईल. एकदा वाजवला की गिऱ्हाईक खोटं बोलतंय.

जास्त करून एकदाच वाजायचा.

बाहेरच्या माणसाला या धंद्यातलं एवढंच समजलं तरी पुरे. नवा फोन वर्षभर जावयासारखा असतो. रुसला, फुगला, बंद पडला, तरी कंपनी त्याचे लाड करते. याला वॉरंटी म्हणतात. वर्ष संपलं की तोच जावई घरजावई होतो, मग त्याला कोणी विचारत नाही. आणि फोनही असे चावट, की वर्ष संपल्यावर आठ-दहा दिवसांत बसतात. मग माणूस आमच्याकडे येतो आणि पहिलं वाक्य बोलतो, "पाण्यात पडला न्हाई बरं का."

आम्ही विचारलेलं नसतं.

पाण्यात पडलेला फोन मी आधी हुंगते. चहाचा वास वेगळा, विहिरीचा वेगळा, आणि शौचालयाचा तर सांगायलाच नको. पुष्कळ लोक फोन तांदळात पुरून ठेवतात आणि मग घेऊन येतात. चार्जिंगच्या भोकांतून मी आजवर जेवढे तांदूळ काढलेत, त्यात एका माणसाची खिचडी झाली असती. पण वासापेक्षा पक्का साक्षीदार आत बसलेला असतो. सिम ठेवायच्या खाचेत तिळाएवढा एक पांढरा कागद चिकटवलेला असतो. पाणी लागलं की तो लाल होतो आणि पुन्हा कधी पांढरा होत नाही. मामा त्याला चुगलखोर म्हणतात. तो लाल दिसला की मी पेचकस एकदा वाजवायची. पुढे गिऱ्हाइकाने कितीही शपथा घेतल्या तरी आमचा विश्वास त्या कागदावर. अशी दहा-अकरा वर्षं गेली.

मग एका दसऱ्यानंतर भागीरथीकाकू आल्या.

काकूंचं गाव जळकोटपासून जवळच आहे. चांगली घरची शेती आहे, आणि त्यांचं मळणीयंत्र आसपासच्या गावांत सोयाबीन काढायला फिरतं. यंत्र काका चालवतात. त्या आवाजाने काकांचे कान गेले, म्हणून फोन काकू घेतात. यंत्राच्या पत्र्यावर काकूंचाच नंबर रंगवलेला आहे. त्यांना लिहिता येत नाही. कोणाचं रान कोणत्या दिवशी, हे त्या फोनमध्ये बोलून ठेवतात. त्या वर्षी ऐन सोयाबीनमध्ये फोन बंद पडला आणि चाळीस शेतकऱ्यांचे वार आत अडकले.

त्या दुकानात आल्या ते आवाज चढवूनच.

"इंजिनियरला भाईर बोलवा."

"कामात हायेत," मामा म्हणाले.

"मग मीच आत जाते." आणि पडदा सरकला. "अगं माय माय! ही तर बाई हाय! शरणप्पा, लाज न्हाई वाटत? बाईच्या जिवावर इंजिनियर सांगून राहिलाव व्हय?"

माझ्या हातातला चिमटा पडला. त्यांनी तो उचलून दिला, स्टूल ओढलं आणि माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. "कर तू. मी काय बी बोलत न्हाई," असं म्हणून त्या पुढचा अर्धा तास बोलत राहिल्या.

फोन नांदेडच्या एका मोठ्या दुकानातून घेतलेला. वॉरंटी संपून अकरा दिवस झालेले. बंद पडल्यावर त्या नांदेडला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेल्या होत्या. तिथे खाचेत टॉर्च मारून सांगितलं, की कागद लाल आहे, म्हणजे पाणी गेलंय. आतली सर्किटची पाटी बदलली तर बोलून ठेवलेलं सगळं जाईल. ते वाचवायचं असेल तर पाणी काढून साफ करावं लागेल, त्याचे बत्तीसशे रुपये. वॉरंटी नाही, त्यामुळे रोख. काकूंनी दिले. फोन दोन दिवस चालला आणि पुन्हा मेला. दुसऱ्याच्या फोनवरून विचारलं तर उत्तर आलं, पाणी गेलेल्या फोनची आम्ही जबाबदारी घेत नाही, पावतीवर छापलेलं आहे.

मी सिमची पट्टी बाहेर काढून भिंगातून पाहिलं. कागद लालभडक. सवयीने माझा पेचकस टेबलावर एकदा वाजला.

पडद्याबाहेरून मामांचा आवाज आला, "काकू, खरं सांगा. पाण्यात पडला व्हता न्हवं?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, पेचकसाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. "हाव का? म्हंजे ही टक करती, अन् तुमी मला खोटी पाडता?"

दहा वर्षांत आमची खूण कोणाला सापडली नव्हती. मी शरमेने मान खाली घातली आणि फोन पूर्ण उघडला. तेवढंच करता येण्यासारखं होतं.

आत सगळं कोरडं ठणठणीत. पाणी गेलेल्या फोनमध्ये पांढरी-हिरवी बुरशी धरल्यासारखी दिसते. ती साफ केली तरी कोपऱ्यात राहतेच. इथे तसलं काही नाही. चालू-बंद करायच्या बटणाची पट्टी तेवढी तुटलेली होती. काकूंचा अंगठा बटण दाबतो ते यंत्राचा खटका दाबल्यासारखं, त्या पट्टीने किती सोसावं! नांदेडला फोन उघडून लावताना तिची टोकं टेकली असतील, म्हणून दोन दिवस चालला. मग कागद लाल कशाने?

मी पुन्हा भिंग लावलं. पाण्याने आलेला लाल रंग कागदात मुरलेला असतो. हा वर बसला होता, बारीक कण होऊन. सुईच्या टोकावर घेऊन हुंगला. देवघराचा वास आला.

"काकू, फोनला कुंकू लावलं होतं?"

"लावीन न्हाई तर? खंडेनवमी व्हती. यंत्राला लावलं, इळ्याला लावलं, वजनकाट्याला लावलं. फोनवर तर सगळा धंदा हाय."

"वरून लावलं, का आत?"

"वरून कशाला? यंत्राची पूजा करताना पत्र्याला कुंकू लावतो का आपण? इंजिनाला लावतो. फोनचं इंजिन म्हंजे ते सिम. नंबर त्यातच हाय ना? बांगडीतली पिन घातली, सिम काढलं, चिमूटभर कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, पाया पडले, परत घातलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "अक्षता आत जात नव्हत्या, म्हणून काढल्या."

पडद्याबाहेर मामा हसून हसून खोकायला लागले. मलाही हसू आवरेना. काकूंना मात्र लगेच मुद्दा कळला. "म्हंजे पाणी गेलंच न्हाई! मग माझे बत्तीसशे कशाचे घेतले?"

माझं हसू तिथंच थांबलं, आणि ते काकूंमुळे नाही. बिलोलीकडचा एक बँडवाला मला आठवला. काही वर्षांपूर्वी लग्नसराईत आला होता. पाणी लागलं नाही, असं आईची शपथ घेऊन सांगत होता. कागद लाल होता, मी एकदा वाजवलं, आणि मामांनी साफसफाईचे तीनशे घेतले. वरातीत बँडवाल्याच्या खिशात गुलाल किती जातो, हे न कळायला मी परदेशातून आले होते का? पण मी दुसऱ्यांदा भिंग लावलंच नव्हतं. काकू गेल्यावर हे मामांना सांगितलं. मग त्यांनी बिलोलीच्या दोन-तीन ओळखीच्यांना फोन केले. तो माणूस सापडला नाही, आजही सापडलेला नाही. त्या दिवसापासून नुसत्या लाल रंगावरून मी पेचकस वाजवत नाही.

लातूरहून एसटीने बटणाची पट्टी मागवली. दुसऱ्या दिवशी फोन चालू झाला. चाळीसही शेतकरी जागेवर होते. काकूंनी सगळे ऐकून घेतले आणि तिथूनच एकाला फोन लावून झापलं, "तुझा वार उद्या हाय, ढीग झाकून ठेव." मी कागदावरचं कुंकू अर्धंच टिपलं. अर्धा कागद पांढरा, अर्धा लाल, असाच ठेवला. सिमची पट्टी परत घातली आणि काकूंना सांगितलं की हे असंच नांदेडला दाखवा.

"मी दाखवू? मला काय कळतंय त्यातलं? तू चल."

मी नाही म्हटलं. मामांना पुढे केलं. मामा म्हणाले, "मी गेलो तर भांडण व्हईल. तू गेलीस तर काम व्हईल." मी तीन रात्री नीट झोपले नाही. सोयाबीन उरकल्यावर काकू दुकानापुढे येऊन उभ्या राहिल्या. एका हातात माझं तिकीट, दुसऱ्या हातात धपाट्यांचा डबा. तिकीट काढलेलं वाया कसं घालवायचं?

नांदेडचं ते सर्व्हिस सेंटर म्हणजे थंडगार काचेची खोली. बाकावर माणसं नंबर घेऊन बसलेली. आमचा नंबर आल्यावर मॅनेजर साहेब स्वतः आले, कारण काकूंनी काउंटरवरच्या मुलीला घाबरवलं होतं. साहेब तसे सभ्य होते. त्यांनी खाचेत टॉर्च मारला.

"मावशी, लाल आहेच की."

"अर्धाच हाय," काकू म्हणाल्या. "अर्धा फोन पाण्यात पडला व्हता का?"

"हा बाहेर उघडलेला फोन आहे. बाहेर उघडला की आमची जबाबदारी संपली."

काकूंनी मला कोपर मारलं. मी फोनकडे बघत, हळू आवाजात म्हटलं, "वॉरंटी संपली, असं तुम्हीच सांगितलं ना साहेब? मग तो कुठंही उघडता येतो. आणि तुम्ही पैसे घेतले ते पाणी काढायचे. पाणी नव्हतंच."

"कागद खोटं बोलत नाही, मॅडम."

मला आयुष्यात कोणी मॅडम म्हटलं नव्हतं. त्या धक्क्याने मी मान वर केली, आणि साहेबांच्या मागे त्यांचा कॉम्प्युटर दिसला. दसऱ्याला घातलेली झेंडूची माळ अजून त्याच्यावर वाळत होती. स्क्रीनच्या वरच्या कडेला कुंकवाची पाच बोटं.

"साहेब," मी म्हटलं, "तुमचा कॉम्प्युटर पण पाण्यात पडला का?"

माझ्या तोंडून हे कसं निघालं, मला सांगता येणार नाही. बाकावरची सगळी माणसं हसली. काउंटरवरच्या मुलीने हसू लपवायला तोंडावर फाइल धरली. साहेबांनी मागे वळून पाहिलं आणि त्यांचे कान कॉम्प्युटरच्या कुंकवासारखे झाले. मी चिकटपट्टीचा तुकडा मागितला, खाचेत चिमट्याने टेकवला, उचलला. लाल सगळं पट्टीवर आलं. कागद पांढरा. ती पट्टी मी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि पुन्हा मान खाली घातली.

त्यांनी वरच्या कार्यालयाला लिहिलं. मला एका कागदावर "मी तपासले, पाणी नव्हते" असं लिहून सही करायला लावली. दिवाळीच्या आसपास काकूंच्या खात्यात सत्तावीसशे बारा रुपये आले.

मी म्हटलं, झालं. काकू म्हणाल्या, "अजून चारशे अठ्ठ्याऐंशी." फोनवर विचारलं तर साहेब म्हणाले, "तो कर आहे मावशी. तो सरकारकडे गेला."

"मग सरकारला सांगा, पाणी नव्हतं."

"असं होत नाही."

"मग आमी येताव."

दिवाळी झाल्यावर आम्ही पुन्हा गेलो. या वेळी काकू काउंटरला गेल्याच नाहीत. बाकावर बसल्या, डबा उघडला, आणि शेजारच्या माणसाला म्हणाल्या, "दादा, तुमचा बी लाल निघाला का?"

तो माणूस धर्माबादचा मिरचीचा व्यापारी होता. फोनमध्ये पाणी आहे, असं त्यालाही नुकतंच सांगितलेलं होतं. "मी तर फोनला हात लावायच्या आधी हात पुसतो," तो रडवेला होऊन म्हणाला.

"आमच्या इंजिनियरला दाखवा," काकू म्हणाल्या, आणि बांगडीतली पिन काढून माझ्या हातात दिली.

आता काय करणार? मी सिमची पट्टी काढली आणि सवयीने फोन हुंगला. त्यानंतर मला ज्या शिंका आल्या, त्या मोजल्या नाहीत. व्यापाऱ्याने हुंगला, तोही शिंकला. त्याच्या पलीकडचे आजोबा नुसते बघायला वाकले, तेही शिंकले. काकू सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ह्यांचं मिरचीचं पाणी निघालं बघा!" लोक पिना शोधायला लागले. एका बाईने कानातलं काढलं. ज्यांचे फोन खरंच पाण्यात पडले होते, ते सगळ्यात जास्त ओरडत होते.

साहेब लगबगीने बाहेर आले. "मावशी, तुम्हाला नक्की काय पाहिजे?"

"चारशे अठ्ठ्याऐंशी."

"कंपनी कर परत करत नाही, मी किती वेळा सांगू?"

"सांगा की. आमची गाडी सांजच्याला हाय. तवर बसून राहताव."

व्यापारी पुन्हा शिंकला. साहेबांनी एकदा बाकाकडे पाहिलं, एकदा माझ्या हातातल्या पिनेकडे, आणि आपल्या खिशातून पाचशेची नोट काढून काकूंच्या पुढे धरली. "हे माझे घ्या. पण आता जा."

काकूंनी नोट उजेडात धरून पाहिली. मग कनवटीची पिशवी सोडली, एक दहाचं नाणं आणि एक दोनचं शोधून काढलं आणि साहेबांच्या तळहातावर ठेवलं.

"तुमचे बारा रुपये," त्या म्हणाल्या. "आता बत्तीसशे फिटले."